मशीन लावलेला कान

बाबा मे महिन्यात आमच्याकडे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आले, तेव्हा विमानतळावरच मी त्यांना विचारलं, "मशीनचे सेल पुरेसे आणलेत ना?" मशीन म्हणजे कानामागचं श्रवणयंत्र. आमच्या घरात त्याला श्रवणयंत्र कधी कोणी म्हटलं नाही. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच एकटे आले होते, मुक्काम सहा महिन्यांचा होता आणि प्रवास कसा झाला हे विचारायच्या आधी मी सेलची चौकशी केली. त्यांनी खिशावर थाप मारून सांगितलं, "वर्षभराचे आणलेत."

आमच्या वसाहतीत एक तळं आहे. उन्हाळा आला की त्याभोवती सकाळी मुलांकडे आलेले आईबाप चालतात. बाबांना तिथे आठवड्याभरात मंडळी मिळाली. पुण्याचे एक काका, नागपूरच्या दोन काकू, ठाण्याचं एक जोडपं. लगेच फोनवर ग्रुप निघाला, आणि निघाल्या निघाल्या त्याचा बोजवारा उडाला. कारण या सगळ्यांकडे मुलांचे जुने फोन होते आणि त्यावर मुलांचीच नावं राहून गेली होती. "आज गुडघा दुखतोय, येत नाही" असा निरोप एका पस्तिशीच्या इंजिनिअरच्या नावानं यायचा आणि गुडघा नक्की कोणाचा, यावर अर्धा तास चर्चा चालायची. फोनवरचं नाव बदलता येतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मुलांना विचारायचा संकोच होता, कारण मुलं कामात असतात आणि एकच गोष्ट दोनदा विचारली की वैतागतात. माझ्यासारखी मुलं, दुसरं काय.

तेव्हा त्यांनी आपला तोडगा काढला. प्रत्येकानं निरोपाच्या शेवटी आपलं एक चित्र टाकायचं. इमोजी. कोणाचं कुठलं चित्र, हे ठरवायला ते तळ्याकाठच्या बाकावर माझ्या मुलीला घेऊन बसले. ती पंधरा वर्षांची आहे, फोनवर तिची बोटं आपोआप चालतात. त्या दिवशी मी घरून काम करत होते, दुपारी खाली आले तर बाबा उत्साहात सगळं सांगायला लागले. पुण्याच्या काकांनी काठीवाला माणूस घेतला. ठाण्याच्या काकूंनी पांढऱ्या केसांची बाई. साडीतली बाई काही सापडली नाही, नुसती घडी घातलेली साडी सापडली, ती नागपूरच्या मोठ्या काकूंनी घेतली. मग रंगाचा प्रश्न निघाला. चित्रावर बोट दाबून धरलं की अंगाचा रंग निवडता येतो, हे माझ्या मुलीनं दाखवल्यावर सगळ्यांनी आपापले हात पुढे करून फोनशेजारी धरले म्हणे. नागपूरच्या धाकट्या काकूंनी स्वतःसाठी अगदी गोरा रंग घेतला. मोठ्या काकू म्हणाल्या, "अगं, हा तुझा केव्हापासून?" तर त्या म्हणाल्या, "लग्नाआधी होता."

"आणि तुमचं चित्र?" मी विचारलं.

बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. एक कान होता. सावळा, आणि त्यामागे मशीन. "हे बघ, नळीसकट काढलंय," ते म्हणाले. "आपलं असलं पण चित्र असतं, हे मला माहीत नव्हतं."

इतके खूश ते आई गेल्यापासून दिसले नव्हते. आणि मी त्या चित्रावरून नजर काढून घेतली.

त्याचं कारण सांगायला हवं. मला गेली काही वर्षं नीट ऐकू येत नाही. उजवा कान जवळजवळ गेलाच आहे, डावाही मागे हटत चाललाय. बाबांचंही याच वयात सुरू झालं होतं. मी हे कोणाला सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर शब्द उमटतात ते मी वाचते. ज्या मीटिंगमध्ये उमटत नाहीत, तिथे "याच्या नोट्स पाठवाल का?" म्हणते आणि मी फार व्यवस्थित आहे असा माझा लौकिक झालाय. जवळच्या डेटा सेंटरची रात्रंदिवस घरघर येते म्हणून वसाहतीच्या सभेत तक्रार झाली, तेव्हा झोपेचं खोबरं होतं हो, असं म्हणून मीही हात वर केला. ती घरघर मी आजतागायत ऐकलेली नाही. नवरा म्हणतो, "तुझं लक्षच नसतं." मी ते चालवून घेते. लक्ष नसलेली बायको म्हणवून घ्यायला मला काही वाटत नाही. बहिरी बायको मात्र नको.

आमच्या टीममधली एक बाई अंगठा पाठवते तो गर्द तपकिरी असतो, तिच्या हातासारखाच. माझी मुलगीही तपकिरी पाठवते. मी पाठवते तो पिवळा, फोनमधून जसा येतो तसा. मुलीनं एकदा विचारलं होतं, "आई, पण यलो म्हणजे कोण?" मी म्हटलं, कोणीही. मला पिवळा आवडतो तो त्यासाठीच. पिवळ्या अंगठ्याला गाव नाही, वय नाही, कान तर नाहीतच.

बाबांचं उलटं होतं. त्यांच्या लेखी ते चित्र म्हणजे दारावरची पाटी. "हे लावलं की माणसं आपोआप जोरात बोलतात," ते म्हणाले. "सांगत बसावं लागत नाही." आणि खरंच तसं झालं. तळ्यावरची मंडळी त्यांच्याशी समोर उभं राहून, चेहरा दाखवून बोलायला लागली. बाबा निरोपाच्या शेवटी कान टाकायचे, वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये केकशेजारी कान टाकायचे, कोणाच्या निधनाची बातमी आली तर हात जोडून त्यापुढे कान. मुलगी हसून लोळायची. मीही हसायचे.

मग जुलैत मराठी मंडळाच्या पिकनिकची घोषणा झाली. कोण येणार, काय आणणार, हे मंडळाच्या मोठ्या ग्रुपवर कळवायचं होतं. शेकडो माणसं आहेत त्यात. माझ्या ऑफिसातले दोघे आहेत. नवऱ्याचा चुलतभाऊ आहे, त्याची बायको आहे, म्हणजे पर्यायानं माझं सासर आहे. बाबांना मुलीनं त्यात कधी घेतलं कोण जाणे. मी लिहिलं, आम्ही चौघं, पन्नास कटलेट. त्याच्या खाली लगेच बाबांचा निरोप आला, "मी हिचे वडील. जरूर येणार." आणि कान.

इथे आणखी एक जुनी गोष्ट येते. मला बघायला पाहुणे आले होते, त्या दिवशी आईनं बाबांना मशीन काढून ठेवायला लावलं होतं. "घराण्यात आहे का, असं विचारतील," ती म्हणाली होती. बाबांनी मशीन शर्टाच्या खिशात टाकलं, वर रुमाल ठेवला आणि पाहुणे जे म्हणतील त्याला मान डोलावली. लग्न ठरलं. लग्नानंतर ते उघड झालं तेव्हा आईनं सांगितलं, वयानं झालंय. सासूबाईंनी मान्य केलं. म्हणजे माझे कान जाताहेत हे कळलं, तर नुसतं बहिरं होणं नव्हे. आम्ही फसवलं, असंच होणार. इतकी वर्षं झाली, सासूबाई थकल्या, नवऱ्याला असल्या गोष्टींचं सोयरसुतक नाही, हे सगळं मला कळतं. पण भीतीला ते कळत नाही.

मी बाबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "बाबा, त्या मोठ्या ग्रुपवर कान नका टाकू."

"का गं?"

"असंच. तिथे सगळी ओळखीची नसतात. बरं दिसत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. पण ते "बरं" म्हणाले, चष्मा लावून फोन हातात घेतला आणि तो निरोप कसा पुसायचा ते मला विचारलं. मी पुसून दिला. दार ओढून बाहेर आले तेव्हा मला स्पष्ट ठाऊक होतं, की आपल्या मुलीला आपली लाज वाटते असं त्यांना वाटलंय. एका वाक्यात तो गैरसमज दूर झाला असता. ते वाक्य मला बोलायचं नव्हतं, म्हणून मी गैरसमज राहू दिला. जिना उतरताना मला स्वतःची किळस आली, आणि तरी मी खाली जाऊन कटलेटचे बटाटे उकडायला लावले.

पिकनिकच्या दिवशी नवरा टेबलं मांडायला पुढे गेला. आम्ही तिघं मागून निघालो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. कानामागे काही नव्हतं.

"बाबा, मशीन?"

"राहू दे आज," ते म्हणाले. "तुझी माणसं आहेत सगळी."

मी त्यांना परत पाठवायला हवं होतं. उशीर होत होता हे खरं, पण ते खरं कारण नाही. मला हायसं वाटलं होतं.

काउंटीच्या पार्कमध्ये पत्र्याखाली लांब टेबलं होती, पावभाजीचा तवा खणखणत होता, एकीकडे अंताक्षरीचा माइक शिट्टी मारत होता. असल्या ठिकाणी मी कशी वागते ते माझं ठरलेलं आहे. हातात काहीतरी धरायचं, वाढत राहायचं, कोणाजवळ फार वेळ थांबायचं नाही. मी कटलेटचा ट्रे घेऊन फिरत बाबांपाशी आले. ते मंडळाच्या सर्वांत जुन्या काकांशेजारी बसले होते. हे काका फार पूर्वी डॉक्टर म्हणून इथे आले, आता निवृत्त आहेत, त्यांच्याभोवती कायम दहा-बारा माणसं असतात. मुलगी बाबांच्या मागे उभी होती.

काका बाबांकडे वाकून काहीतरी बोलले. ते माझ्या उजव्या बाजूला होते. मला त्यांचे ओठ हललेले दिसले, चेहरा प्रेमळ दिसला. बाबा मोठ्यांदा म्हणाले, "मजेत! अगदी मजेत!"

कोणीतरी फस्सकन हसलं. आणि त्या हसण्यावरून हा विनोद होता असं समजून मी हसले. बेतानं नाही. मान मागे टाकून, खळखळून, जसं मी अशा वेळी नेहमी हसते, म्हणजे सगळं ऐकलं असं वाटावं.

माझंच हसणं मला ऐकू आलं, कारण बाकी सगळे गप्प झाले होते. एक काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी प्लेटकडे नजर वळवली. डॉक्टरकाकांनी बाबांच्या हातावर हात ठेवला. मी ट्रे पुढे केला आणि म्हटलं, "घ्या ना, गरम आहेत." कोणी घेतलं नाही.

काय झालं ते मला परतीच्या गाडीत कळलं. बाबा माझ्या शेजारी होते, मुलगी मागे. ती इतकी चिडली होती की तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. "आई, व्हाय वुड यू लाफ?"

"कशाला हसले?"

"त्यांनी आजोबांना विचारलं, आजीला जाऊन किती वर्षं झाली. आजोबांना ऐकू आलं नाही, ओके, त्यांचं समजू शकते. बट यू लाफ्ड. शी वॉज युवर मॉम!"

हायवेवर मी सरळ समोर बघत राहिले. दोन गोष्टी म्हणता येत होत्या. मला ऐकू आलं नाही, ही एक. मी म्हटलं, "अगं, आलं हसू. असंच. कधी कधी होतं."

मुलीनं कानात इअरबड घातले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. आईच्या मरणावर हसणारी बाई झाले मी, स्वतःच्या मुलीच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या तोंडानं. आणि ते मला चाललं. माझ्या आईनं शेवटच्या आजारात मला हाका मारल्या असतील, त्या मला फोनवर नीट ऐकू येत नव्हत्या, मी लाइन खराब आहे म्हणायचे. ते सगळं एकदम वर आलं. पण मी इंडिकेटर दिला, लेन बदलली, घर आलं.

घरी आल्यावर मुलगी वर निघून गेली. बाबा त्यांच्या खोलीत गेले आणि मशीन लावून खाली आले. त्यांनी स्वतः चहा टाकला. कप घेऊन ते आले ते टेबलाला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला बसले.

"उजवा ना?" त्यांनी विचारलं.

मी कप पुढे ओढला.

"तू हसलीस तेव्हाच मला कळलं. मला प्रश्न ऐकू आला नव्हता, पण हसणं दिसलं. आधी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, मग बाकीच्यांच्या, मग सगळ्यांच्या थोडं मागून हसायचं आणि जरा जास्तच हसायचं. अगं, ते माझं हसणं आहे. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात साहेब जोक सांगायचे, तेव्हा निवृत्त होईपर्यंत मी तसाच हसलो." त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "एकदा साहेब त्यांच्या मुलाच्या आजारपणाचं सांगत होते. तिथेही हसलो होतो."

मला रडू फुटलं. बाबांनी मला रडू दिलं. थोड्या वेळानं त्यांनी अगदी हळू, जवळजवळ अंदाज घेत विचारलं, "म्हणजे त्या दिवशी, ते चित्र नको म्हणालीस... माझी लाज नव्हती वाटत?"

"नाही हो बाबा. माझीच."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला. स्वतःच्या मुलीचे कान चाललेत हे ऐकून बापाला बरं वाटावं, इतकं मी त्यांना त्या महिन्यात दुखावलं होतं. आयुष्यात मला कधी इतकं लाजिरवाणं वाटलं नाही.

"वर जा," ते म्हणाले. "तिला काय वाटतंय ते बघ. माझं काय, मी बहिरा आहे, मला माफ आहे. तिला वाटतंय तिची आई तशी आहे."

मुलगी पलंगावर पाय पसरून बसली होती. मी तिच्या उजवीकडे बसले, म्हणजे माझा डावा कान तिच्याकडे आला, आणि सांगितलं. कान, मीटिंग, घरघर, सगळं. मराठीतून सुरू केलं आणि कधी इंग्लिशवर गेले कळलं नाही. मला वाटलं होतं ती चिडेल, किंवा रडेल, किंवा गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. भुवया जवळ आणून ती काहीतरी मोजत असल्यासारखी दिसत होती.

"हाउ लाँग?" तिनं विचारलं.

"चार-पाच वर्षं. गाडीत सगळ्यात जास्त अडतं. चालवणारी मी डावीकडे, शेजारी बसलेलं माणूस उजवीकडे येतं ना."

"मी असते शेजारी," ती म्हणाली. "रोज. शाळेतून येताना."

"हो."

"आई, मागच्या वर्षी मी तुला एक गोष्ट सांगितली होती. कारमध्ये. खूप प्रॅक्टिस करून सांगितली होती." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आणि तू म्हणालीस, छान."

मी तिचा हात धरला. "काय सांगितलं होतंस? आता सांग. आता मला ऐकू येतंय."

तिनं हात काढून घेतला नाही. पण म्हणाली, "नको. इट्स ओव्हर नाऊ."

पुढच्या आठवड्यात मी कान तपासून घेतले, मशीनही घेतलं. नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, कोणी फसवलं म्हणालं नाही. आता गाडीत मुलगी बोलते तेव्हा मला बऱ्यापैकी ऐकू येतं. ती शाळेचं बोलते, हवेचं बोलते. मी छान म्हणाले होते, एवढंच मला कळलंय. कशाला, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.